जात किंवा देश

बाबा सिंगापूरला एकदाच आले. दोन हजार तेराच्या डिसेंबरात, इथल्या शाळांना सुट्टी असताना, पाच आठवड्यांसाठी. आई जाऊन सात महिने झाले होते. त्यांना गावी एकटं ठेवलं आहे ही टोचणी होती म्हणून मी तिकीट पाठवलं. त्यांची आठवण येत होती म्हणून पाठवलं, असं लिहायला मला आवडलं असतं.

त्या पाच आठवड्यांत एका शनिवारी आम्ही म्युझियमला गेलो होतो. तिथे एका टेबलासमोर मी जे केलं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध आहोत. हे तीन शब्द मी सिंगापुरात नऊ वर्षं एकाही मराठी माणसासमोर उच्चारले नव्हते. सुरुवातीला खोटं बोलायचीही गरज पडली नाही. आमचं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यावरून काही कळत नाही. लोक आपापल्या परीने समजून घेत गेले आणि मी त्यांना समजून घेऊ दिलं. गणपतीत पुण्याच्या मित्राकडे आरतीला उभा राहायचो. तुमच्याकडे नसतो का, असं त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, गावी काकांकडे असतो. खोटं सुरू झालं ते तिथून. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण सिंगापुरात ती कुणाच्याही घरात दिसते, फर्निचरच्या दुकानातही मिळते. ज्यांच्यामुळे आमच्या घराण्यात पहिली पाटी हातात आली त्यांची तसबीर मात्र आमच्या बेडरूममध्ये होती, दार उघडलं की दारामागे जाणारी.

बाबांनी ती पहिल्याच दिवशी शोधून काढली. रोज सकाळी आंघोळ करून बेडरूमच्या दारावर टकटक करायचे, आत यायचे, दार लोटायचे, हात जोडायचे आणि दार पुन्हा होतं तसं उघडं ठेवून बाहेर जायचे.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळेत जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड पुस्तक असतं. त्यात पोराचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, धर्म, जात असं सगळं पहिल्या दिवशी लिहिलं जातं आणि मग जन्मभर त्याचे दाखले काढावे लागतात. जूनमध्ये नाव घालायला पालकांची रांग लागायची. बाबांची एक पद्धत होती. जातीच्या रकान्यापर्यंत आले की ते समोरच्या माणसाला खुर्ची पुढे ओढून जवळ बसायला सांगत आणि हळू आवाजात विचारत, रांगेतल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. कुणी त्यांना स्वतःला विचारलं तर मात्र ते खणखणीत सांगत. मी लहानपणी विचारलं होतं, असं का. ते म्हणाले, "दुसऱ्याची गोष्ट दुसऱ्याची असते. आपली आपण मोठ्याने बोलावी."

शनिवारी तीन कुटुंबं मिळून गेलो. पुण्याचा मित्र आणि त्याची बायको सेरंगूनहून आले, कोल्हापूरचा मित्र आणि त्याची बायको आमच्याच भागातले, पासिर रिसचे. कोल्हापूरकर आणि मी पाया लेबारला एकाच ऑफिसात होतो. दोघेही बाबांना काका म्हणायचे. बाबा त्यांच्यात रमले होते, विशेषतः कोल्हापूरच्या मित्राबरोबर. दोघांना उसाबद्दल तासन्‌तास बोलता यायचं.

म्युझियममध्ये इंग्रजांनी इथे वखार टाकली त्या सुरुवातीच्या वर्षांतलं बंदर उभं केलं होतं. काचेमागच्या वस्तू जवळजवळ नव्हत्याच. त्या काळचे कपडे घातलेली माणसं होती आणि ती आपापली कामं करत होती. कुणी होडीची डागडुजी करत होतं, कुणी जायफळं सोलत होतं, एक चिनी आजोबा फूटपाथवर बसून परक्यांची पत्रं लिहून देत होते. आत येणारा प्रत्येक जण नुकताच जहाजातून उतरलेला आहे, असं धरून ती माणसं आपल्याशी बोलायची. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने दारातच ठरवून टाकलं की ती चाच्यांची राणी आहे.

पहिल्याच दालनात बंदराचा कारकून बसला होता. पांढरा लांब कोट, डोक्याला फेटा, पुढे टाक आणि दौत. सत्तरीचा तमिळ माणूस, बहुधा निवृत्तीनंतर हौसेने हे काम करणारा. येईल त्याची नोंद तो एका मोठ्या वहीत करायचा आणि एका जाड कागदावर तीच नोंद उतरवून, शिक्का मारून हातात द्यायचा. नाव, जहाज कुठून आलं, धंदा. चौथ्या रकान्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'जात किंवा देश'. जुन्या वह्यांमध्ये तसंच असायचं, असं त्याने सांगितलं.

आमच्या पुढे एक चिनी कुटुंब होतं. त्यांनी हसत हसत होक्कियन ही आपली जमात सांगितली, त्यांच्या मागच्या गोऱ्या बाईने स्कॉटिश. सगळ्यांना मजा वाटत होती, आणि त्यात वावगं वाटण्यासारखं त्यांच्यासाठी काही नव्हतंच.

पुण्याचा मित्र पुढे झाला आणि त्याने लिहायला सांगितलं, ब्राह्मण, धंदा दुसऱ्याच्या चुका काढणे. त्याची बायको म्हणाली, "आणि माझा धंदा लिहा, त्या ऐकून घेणे." कारकुनाने दोन्ही लिहिलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. कोल्हापूरच्या मित्राने छाती पुढे काढून मराठा, शिपाई असं सांगितलं, तेव्हा कारकुनाने उभं राहून त्याला सलाम केला आणि सगळे हसले.

मग बाबांची पाळी आली. ते टेबलाजवळ गेले, वहीकडे पाहिलं. ती बघून त्यांना बरं वाटलं असणार, आयुष्यभर असल्याच वह्या लिहिल्या होत्या. नाव सांगितलं. जहाज मुंबईहून, असं सांगितलं. धंदा विचारल्यावर "टीचर" म्हणाले. कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि चौथ्या रकान्यावर टाक ठेवला. बाबांनी श्वास घेतला. तो श्वास मला माहीत होता. खणखणीत बोलण्याआधीचा.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या आधी बोललो. "मराठा," मी म्हणालो. "सेम ॲज हिम." आणि कोल्हापूरच्या मित्राकडे बोट केलं.

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण हे सांगून माझी सुटका होत नाही. जे न ठरवता तोंडातून येतं ते आत किती दिवस तयार असतं, हे मला आता कळतं.

कारकुनाने लिहिलं. वळणदार, सावकाश. बाबा ते अक्षर उमटताना बघत राहिले. कोल्हापूरच्या मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, आपलेच की तुम्ही! नऊ वर्षं झाली, कधी बोलला नाहीस गड्या." मग तो विचारू लागला, कुळी कोणती, पाहुणे कुठले. मी म्हणालो, बाबांना माहीत, मला त्यातलं कळत नाही. म्हणजे पहिलं खोटं निस्तरायला मी पुन्हा त्यांनाच पुढे केलं. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती मुलीचा हात धरून पुढच्या दालनात निघून गेली.

पुढे एका अंगणात विटा पाडायचं काम चाललं होतं. तिथला तरुण मार्गदर्शक सांगत होता की मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून जन्मठेपेचे कैदी इथे आणत, या शहराचे रस्ते आणि इमारती त्यांनीच बांधल्या, आणि सुटल्यावर पुष्कळ जण परत गेलेच नाहीत. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना इंग्रजी समजायचं, बोलायला ते बिचकत. मला म्हणाले, "त्याला विचार, त्या कैद्यांची जात वहीत कोण लिहायचं. त्यांना विचारून लिहायचे की बघून?"

मित्र शेजारी उभे होते. मी मार्गदर्शकाला विचारलं, एक माणूस दिवसाला किती विटा पाडायचा. त्याने उत्साहाने उत्तर दिलं. बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याला थँक्यू म्हणाले.

जेवायला जवळच्या हॉकर सेंटरला गेलो, एका छताखाली खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे. आधी मी सगळ्यांसाठी ज्यूस आणला, मग मित्र जेवण घ्यायला गेले. मुलगी सगळ्यांचे कागद वाचून दाखवत होती. बाबांचा कागद वाचून तिने तोंड वाकडं केलं आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'मेह' जोडून विचारलं. "आजोबा, यू आर मराठा मेह? बट मम्मी सेड वी आर बुद्धिस्ट." ती पोर जेवढ्याने बोलते तेवढ्यानेच बोलली. मी वळून पाहिलं. मित्र तेव्हा काउंटरवर रांगेत होते, त्यांच्यापर्यंत गेलं नसावं. बाबा तिला म्हणाले, "तुझ्या बाबांना विचार." मी तिला म्हणालो, तो खेळ होता, खेळात काहीही सांगता येतं. तिला ते पटलं. ती तर चाच्यांची राणी होती.

घरी येईपर्यंत बाबा नेहमीसारखेच होते. ट्रेनमध्ये मित्रांशी बोलले, उतरताना दोघांच्या बायकांना घरी बोलावलं. मला वाटलं, त्यांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पासिर रिसच्या समुद्राकाठच्या बागेत फिरायला गेलो. भरती होती. ते एका बाकावर बसले आणि मला बसायला सांगितलं.

"तुला लाज माझी वाटली की तुझी?"

मी म्हणालो, लाजेचा प्रश्न नाही. इथे छोटा ग्रुप आहे, एकदा कळलं की लोक बोलताना सांभाळून बोलायला लागतात, मला ते नको आहे. मुलगी त्यांच्या पोरांबरोबर खेळते. हे सगळं मी बरंच समजूतदारपणे सांगितलं. यातलं काही अगदीच खोटं नव्हतं. पूर्वी एका ऑफिसात माझ्या वाट्याला जे आलं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी समजून घेतलं असतं, आणि मला समजून घ्यायला नको होतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माझ्या बापाची जात गुरुजींनी बघून लिहिली होती. विचारली सुद्धा नाही. मी तीस वर्षं लोकांना विचारून लिहिली. आणि काल माझ्यासमोर माझ्याच पोराने माझी न विचारता लिहिली."

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी नको, एक काम कर. त्या दोघांना सांग.

"तुम्हीच सांगा ना बाबा," मी म्हणालो. "तुमचं ते ऐकतील."

"मी सांगितलं तर ती माझी ओळख झाली. तुझी राहिलीच. मी जायच्या आत तू सांग."

नऊ दिवस होते. मी हो म्हणालो. त्यांना शब्द दिला, त्यांचा हात हातात घेऊन.

त्या नऊ दिवसांत कोल्हापूरच्या मित्राबरोबर मी चार वेळा जेवलो. ऑफिसच्या कँटीनमध्ये वाक्य तयार करून जायचो आणि समोर भाताचं ताट आलं की ते वाक्य फार मोठं वाटायचं. एक मात्र झालं. त्याने कुळीचा विषय पुन्हा काढला नाही. मला हायसं वाटलं. त्याचं कारण मी स्वतःला विचारलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांसाठी दोघेही मित्र सहकुटुंब घरी जेवायला आले. कोल्हापूरच्या वहिनींनी पांढरा रस्सा करून आणला होता. बाबा मधून मधून माझ्याकडे बघत होते. टोचून नाही. वर्गात एखादा पोरगा उभा राहून उत्तर आठवत असतो तेव्हा शिक्षक थांबतो, तसं. जेवणं झाली, आइस्क्रीम झालं, फोटो काढले. सगळे गेले. बाबांनी स्वतः ताटं उचलायला मदत केली. विमानतळावर आत जाताना म्हणाले, "राहू दे. सवडीने सांग. पण सांग."

त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. तब्येत, पाऊस, नातीचा अभ्यास. शेवटी ते विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचो, नाही अजून, सांगतो. ते बरं म्हणायचे. असं वर्षभर चाललं असेल. मग कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं. नक्की कोणत्या रविवारी सोडलं ते मला आठवत नाही, कारण ते लक्षात आलं तेव्हा मला मोकळं वाटलं होतं. बापाने आशा सोडली आणि मुलाला मोकळं वाटलं. पुन्हा सिंगापूरला या म्हणालो की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, गुडघे दुखतात, विमानात बसवत नाही. गुडघे दुखत होते, ते खरंच.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. त्यांच्या शाळेतली, आता बाप झालेली मुलं ओटीवर बसली होती. एकेक जण सांगत होता, सरांनी माझं नाव घातलं, सरांनी खुर्ची पुढे ओढायला लावली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही.

सिंगापूरला परत आल्यावर पहिल्या रविवारी कोल्हापूरचा मित्र आणि त्याची बायको भेटायला आले. पुण्याचे मित्र तोवर मेलबर्नला गेले होते. त्यांचा फोन आला होता. त्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

वहिनींनी हार आणला होता. बाबांचा फोटो आम्ही हॉलमध्ये ठेवला होता. बायकोने त्याच सकाळी बेडरूमच्या दारामागची तसबीरही बाहेर आणून शेजारी लावली होती, मला न विचारता. मी ती काढली नाही. एवढंच मला जमलं.

मित्राने सगळी विचारपूस केली. मग विचारलं, "तेरावं तिकडेच उरकून आलास ना?"

हो म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंड उघडलंही होतं. पण बाबांच्या मरणाबद्दल खोटं बोलायचं म्हणजे त्या टेबलासमोर पुन्हा उभं राहायचं, आणि या वेळी त्यांना माझ्याकडे बघताही येणार नव्हतं. मी म्हणालो, "आमच्यात तेरावं नसतं. जलदान विधी असतो. तो झाला." आणि थांबलो. मग म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत. त्या दिवशी म्युझियममध्ये मी खोटं बोललो."

बोलून झाल्यावर मी जमिनीकडे बघत होतो. वहिनी उठल्या आणि त्यांनी हार घातला.

"मला माहीत आहे," मित्र म्हणाला.

मला वाटलं, तसबीर बघून कळलं असेल. तो म्हणाला, नाही रे, पाच वर्षं झाली. म्युझियमनंतर जेवायला गेलो होतो त्याच दिवशी. मित्र काकांसाठी जागा धरून बसला होता. त्यांना म्हणाला, काका, आपण एकच निघालो, आता तुमचे पाहुणे कोण ते सांगा. तर काकांनी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध, आमचा मुलगा चुकीचं बोलला. मित्र गडबडला. त्याला वाटलं, आपण जे 'आपलेच' म्हणालो ते आता कसं मागे घ्यायचं. काकांच्या ते लक्षात आलं असावं.

"म्हणाले, तुम्ही आपलेच म्हणालात ना त्याला, तो शब्द मागे घेऊ नका. आणि त्याला विचारू नका. त्याला अजून जमत नाही. पण सांगेल तो, तेव्हा पहिल्यांदा ऐकतोय असं दाखवा." मित्राने बाबांच्या फोटोकडे पाहिलं. "ते शेवटचं काही मला जमलं नाही गड्या. माफ कर."

म्हणजे ओळख करून देण्याचं काम त्यांनी पहिल्याच दिवशी उरकलं होतं. बागेतल्या बाकावर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, दर रविवारी विचारलं, ते मित्राला कळावं म्हणून नव्हतं. मित्राला सगळं ठाऊक होतं. वहिनींनाही. मी इतकी वर्षं ज्यांच्यापासून लपवत होतो ते माझ्याच घरात बसून, न लपणारी गोष्ट मला लपवू देत होते, कारण माझ्या बापाने त्यांना तशी विनंती केली होती.

मी त्याला विचारलं, ते हे बोलले तेव्हा मी कुठे होतो.

"होतास की," तो म्हणाला. "ज्यूसचे ग्लास घेऊन येत होतास. तू येताना दिसलास, आणि ते उसाबद्दल बोलायला लागले."